'चिनी लोकांना मिसळायचंच नसतं' : सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाऊन नेमकं कसं घडलं?

खाडीपार

परवा मराठी शाळेच्या धाग्यावर कोणीतरी जाता जाता लिहून गेलं की चिनी लोकांना मिसळायचंच नसतं, म्हणून दीडशे वर्षं झाली तरी ते चायनाटाऊन करून राहतात. तिथे विषयांतर नको म्हणून गप्प बसले पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. माझं ऑफिस सॅन फ्रान्सिस्कोत चायनाटाऊनला अगदी लागून आहे, गेली ११ वर्षं दुपारचा डबा घेऊन मी पोर्ट्समथ स्क्वेअरला बसते, तिथे आजी-आजोबांचे पत्त्यांचे डाव पडलेले असतात, त्यांच्याकडे बघत बघतच या वस्तीबद्दल वाचायला लागले. जेवढं वाचलं तेवढं पटत गेलं की या वस्तीभोवतीचं कुंपण बाहेरच्यांनी घातलं, आणि तेही कायदे करून, तारीखवार.

सुरुवातीला आलेले बहुतेक सगळे दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या जेमतेम चार तालुक्यांतले. त्या भागाला 'सी यप' म्हणतात, शब्दशः अर्थ चार तालुके. त्यात तैशान हे सगळ्यात मोठं नाव. १८४८ ला कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, बातमी हाँगकाँगपर्यंत पोचली, आणि माणसं कर्ज काढून जहाजात बसली. अमेरिकेला ते 'गाम सान' म्हणायचे, म्हणजे सोन्याचा डोंगर.

आता मिसळायचं नव्हतं म्हणता ना, तर पहिली वीस-पंचवीस वर्षं हे लोक कुठे कुठे होते ते बघा. सोन्याच्या खाणीत, सॅक्रामेंटोच्या खाजणात बांध घालायला, मोंटेरेच्या किनाऱ्यावर मासेमारीला, आणि रेल्वेवर. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेने १८६५ पासून चिनी मजूर घ्यायला सुरुवात केली आणि ऐन कामाच्या दिवसांत १० ते १२ हजार चिनी मजूर होते, म्हणजे दहातले नऊ. सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट हाताने आणि सुरुंगाने फोडत त्यांनी बोगदे काढले, हिवाळ्यात बर्फाचे कडे कोसळून माणसं गाडली गेली. जून १८६७ मध्ये त्यांनी गोऱ्या मजुरांएवढा पगार आणि कामाचे कमी तास मागत संप केला, हजारो माणसं शांतपणे तंबूत बसून राहिली. कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरने डोंगरावर जाणारं धान्यच बंद केलं, आठवड्याभरात संप मोडला. आज्ञाधारक, गरीब गाय असलेले मजूर असं जे चित्र रंगवतात ना, त्यात हा संप कुठेच नसतो आणि मला त्याचा फार राग येतो.

१० मे १८६९ ला यूटामध्ये रूळ जुळले, काम संपलं, आणि हजारो माणसं सॅन फ्रान्सिस्को शहरात आली. सिगारचे कारखाने, बुटांचे कारखाने, कपडे धुणं. पाठोपाठ मंदी आली, आणि डेनिस कर्नी नावाचा पुढारी, जो स्वतः आयर्लंडहून आलेला होता, सभांमधून 'चिन्यांना हाकला' म्हणून गर्जू लागला.

शहराने केलेले नियम तर वाचण्यासारखे आहेत. १८७० मध्ये फूटपाथवरून कावड न्यायला बंदी. खांद्यावर आडवा बांबू आणि दोन टोकांना टोपल्या, असा माल चिनी भाजीवाले आणि धोबीच न्यायचे. त्याच वर्षी दुसरा नियम, झोपायच्या खोलीत माणशी ५०० घनफूट हवा पाहिजे. तो फक्त चायनाटाऊनमध्ये लावला, माणसं पकडून पकडून तुरुंगात घातली. १८७६ मध्ये कैद्यांचे केस कापायचा नियम, कारण चीनमध्ये पुरुषांना वेणी सक्तीची होती, त्यामुळे चिनी पुरुषाला वेणी कापून घेणं म्हणजे मायदेशी परतायची वाट बंद होण्यासारखं होतं. आणि या सगळ्याच्या आधी, १८५४ मध्येच, कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ठरवून टाकलं होतं की गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाही. डोळ्यांदेखत खून झाला तरी नाही.

मग मारायला कोण घाबरतंय? २४ ऑक्टोबर १८७१ ला लॉस एंजेलिसमध्ये जमावाने किमान १८ चिनी माणसं मारली, बऱ्याच जणांना फासावर लटकवून. जे थोडे दोषी ठरले त्यांच्या शिक्षाही वरच्या कोर्टात रद्द झाल्या. २ सप्टेंबर १८८५ ला वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्जच्या कोळसा खाणीवर २८ जणांना मारलं, वस्ती जाळली. त्याच नोव्हेंबरात टॅकोमातून, आणि पुढच्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटलमधून चिन्यांना हाकललं. असं कितीतरी गावांत झालं. या गावांतले लोक मग सॅन फ्रान्सिस्कोला आले नाहीतर पार पूर्वेला न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागोपर्यंत गेले. साक्ष चालत नाही, पोलीस येत नाहीत, अशा ठिकाणी माणूस राहणार कुठे? हाक मारली तर चार आपली माणसं धावून येतील तिथेच ना?

आणि मग ६ मे १८८२ चा बंदीचा कायदा. चिनी मजुरांना प्रवेश बंद, आणि आधीपासून इथे असलेल्या चिन्यांनाही नागरिकत्व नाही. व्यापारी, विद्यार्थी असे थोडे अपवाद. १८७५ च्या पेज कायद्याने बायकांचं येणं जवळपास आधीच थांबवलं होतं. १८९० च्या जनगणनेत एका चिनी बाईमागे जवळजवळ २७ पुरुष! तेव्हा देशभरात १ लाख ७ हजार चिनी होते, १९२० पर्यंत ६१ हजार उरले. पोर्ट्समथ स्क्वेअरला मी बसते तिथे एके काळी पिढ्यान् पिढ्या नुसते एकटे पुरुष बसायचे, बायका-मुलं समुद्रापलीकडे, हे आठवलं की घास गिळवत नाही.

उल्हास६२

लेख उत्तम, माहिती बरीच नवीन होती. पण सगळं बाहेरच्यांवर टाकता येईल असं वाटत नाही. त्या टोंग टोळ्यांचं काय? न्यूयॉर्कला हिप सिंग आणि ऑन लिआँग यांच्यात डॉयर्स स्ट्रीटच्या वळणावर मुडदे पडायचे. अफू, जुगार, मुली विकणं, हे आतलेच लोक करत होते. आणि माणूस आपल्या भाषेच्या माणसांत राहायला बघतो हेही खरंच आहे, त्याला कायदा कशाला लागतो. आज तर कायदाही नाही, तरी वस्ती आहेच की.

खाडीपार

उल्हासकाका, टोंगचं खरंच आहे आणि ते झाकायचं कारणच नाही. मुली फसवून आणल्या जात, विकल्या जात, सॅक्रामेंटो स्ट्रीटवरच्या मिशनमध्ये डोनाल्डिना कॅमेरॉन या बाईंनी अशा कितीतरी मुलींना आसरा दिला. पण टोंग म्हणजे आख्खी वस्ती नव्हे. वस्तीचा कारभार तालुक्यावार संस्थांकडे होता, गावकीसारख्या. त्या सगळ्यांची मिळून एक मोठी संस्था, तिला लोक सिक्स कंपनीज म्हणायचे. जहाजावरून उतरलेल्या माणसाला झोपायला जागा, कामाची गाठ, कोर्टासाठी वकील हे सगळं त्या बघायच्या. कर्ज फेडल्याचा कागद त्यांच्याकडून मिळाल्याशिवाय जहाजवाले परतीचं तिकीट देत नसत, म्हणजे त्यांचाही माणसांवर जाच होताच. आणि इथे मेलेल्यांच्या अस्थी काही वर्षांनी उकरून, स्वच्छ करून, पेटीत घालून हाँगकाँगमार्गे गावी पोचवायचं कामही याच संस्था करायच्या. नगरपालिका म्हणा, बँक म्हणा, भाऊबंद म्हणा, सगळं तेच.

'आज कायदा नाही तरी वस्ती आहे' याचं उत्तर १९०६ मध्ये आहे. १८ एप्रिल १९०६ चा भूकंप आणि मागोमाग लागलेली आग, त्यात चायनाटाऊन पूर्ण बेचिराख झालं. शहराच्या पुढाऱ्यांना आयतीच संधी मिळाली, कारण जागा एकदम मोक्याची, धंद्याच्या पेठेला लागून. त्यांनी ठरवलं की चिन्यांना शहराच्या टोकाला हंटर्स पॉइंटला नेऊन बसवायचं. चिन्यांनी ठाम नकार दिला. चीन सरकारने सांगितलं की आमची वकिलात आम्ही जुन्याच जागी बांधणार. व्यापाऱ्यांनी सुचवलं की आम्ही दुसऱ्या शहरात जाऊ, मग तुमचा चीनशी चालणारा व्यापार आणि कर दोन्ही जाईल. गोऱ्या घरमालकांनाही भाडं हवंच होतं.

आणि मग लुक टिन एली या व्यापाऱ्याने डोकं लढवलं, आपल्या पेठेला असं रूप द्यायचं की गावोगावचे लोक बघायला आले पाहिजेत, म्हणजे पुन्हा कोणी उठवायची भाषा करणार नाही. त्याने गोरे आर्किटेक्ट बोलावले. ग्रँट अव्हेन्यूवर आज जे वळणदार छपरांचे मनोरे आपण फोटोत काढतो ते त्यातून आले. हे आर्किटेक्ट चीन बघून आलेले नव्हते, त्यांनी अमेरिकन लोकांच्या मनातला चीन बांधला, आणि आत राहणाऱ्यांनी तो आपल्या रक्षणासाठी मान्य केला. मला स्वतःला ही त्या लोकांची फार मोठी हुशारी वाटते. लोक त्या इमारतींना नकली म्हणून नाक मुरडतात तेव्हा वाईट वाटतं.

वॉशिंग्टन स्ट्रीटवर टेलिफोन एक्स्चेंजची तशीच एक छोटी इमारत आहे, आता तिथे बँक आहे. तिथल्या ऑपरेटर मुलींना वस्तीतल्या सगळ्या फोनवाल्यांची नावं, पत्ते, धंदे तोंडपाठ असायचे, कारण माणसाला नंबरने हाक मारणं लोकांना अपमानाचं वाटायचं. १९४९ पर्यंत चाललं ते.

मेधा_जर्सी

'मिसळत नव्हते' याला न्यूयॉर्कच्या लाँड्रीवाल्यांचं उदाहरण मला सगळ्यात चोख उत्तर वाटतं. मॉट, पेल आणि डॉयर्स हे तीन रस्ते म्हणजे मूळ चायनाटाऊन, पण हजारो चिनी पुरुष तिथे राहतच नव्हते! ब्रुकलिन, ब्राँक्स, हार्लेम, प्रत्येक मोहल्ल्यात एकेक लाँड्री, एक-दोन माणसं, दुकानाच्या मागे पडदा लावून तिथेच झोपणं. आठ पौंडांची इस्त्री, दिवसाचे १४-१६ तास. रविवारी फक्त मॉट स्ट्रीटला यायचं, तांदूळ-सॉस घ्यायचा, गावाकडचं पत्र आलंय का बघायचं, चार शब्द आपल्या भाषेत बोलायचं. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस ते गोऱ्यांच्या वस्तीतच राहत होते, शेजाऱ्यांचे कपडे धूत होते. आणखी काय मिसळायचं माणसाने?

१९३३ ला शहराने लाँड्रीसाठी नवा नियम आणला, वर्षाला २५ डॉलर लायसन्स, १००० डॉलरचा बाँड म्हणजे हमीची रक्कम, आणि मालक अमेरिकन नागरिक पाहिजे. नागरिकत्व तर यांना कायद्यानेच मिळत नव्हतं. वस्तीतल्या जुन्या पुढाऱ्यांनी नीट लक्ष घातलं नाही म्हणून लाँड्रीवाल्यांनी स्वतःची संघटना काढली, चायनीज हँड लाँड्री अलायन्स, आणि लढून लायसन्स १० डॉलर, बाँड १०० डॉलर आणि नागरिकत्वाच्या अटीतून सूट मिळवली.

आणि बायकांचं कोणी बोलतच नाही. १९६५ नंतर कुटुंबं आली आणि मॅनहॅटनच्या चायनाटाऊनमध्ये शिलाईचे कारखाने उभे राहिले, मालक चिनी, कामगार चिनी बायका. १९८२ मध्ये मालकांनी युनियनचा करार मान्य करायचं नाकारलं, त्यांना वाटलं आपल्याच गावच्या बायका, ऐकतील. कोलंबस पार्कमध्ये सुमारे २० हजार बायका जमल्या आणि मालकांना सही करावी लागली. माझी एक म्हातारी शेजारीण त्या गर्दीत होती, अजून सांगताना तिचा आवाज चढतो.

निनाद_प

मी एच-वन व्हिसावर आहे, मुलगी इथेच जन्मली. जन्माने नागरिकत्वाची चर्चा चालू झाल्यापासून वाँग किम आर्क हे नाव दहा वेळा ऐकलं. त्याचा या चायनाटाऊनशी काही संबंध आहे का?

खाडीपार

निनाद, तो या चायनाटाऊनचाच मुलगा! सॅक्रामेंटो स्ट्रीटवर जन्मला, स्वयंपाकी होता. आईवडील पुढे चीनला परत गेले. १८९५ मध्ये तो चीनला जाऊन परत आला तर त्याला उतरू दिलं नाही, तू चिनी आहेस, नागरिक नाहीस म्हणून. बंदरात जहाजावरच अडकवून ठेवलं, एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर. सिक्स कंपनीजनी वकील दिला, आणि २८ मार्च १८९८ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध २ असा निकाल दिला की या भूमीवर जन्मलेला तो नागरिक, आईवडील परदेशी असले तरी. तुझ्या मुलीचा पासपोर्ट या स्वयंपाक्याच्या खटल्यावर उभा आहे. जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या व्हिसावाल्यांच्या मुलांबद्दल जो आदेश निघाला आणि ज्याला लगेच कोर्टात आव्हान दिलं गेलं, त्यातही सगळे याच निकालाचा आधार घेत होते.

दुसरा असाच एक, लाँड्रीवाला. लाकडी इमारतीतल्या लाँड्रीला शहराची परवानगी लागेल असा नियम सॅन फ्रान्सिस्कोने केला, आणि जवळजवळ २०० चिनी लोकांचे अर्ज फेटाळले, गोऱ्यांचे ८० च्या आसपास मंजूर. २२ वर्षं एकाच जागी धंदा केलेल्या माणसाला आत टाकलं. यिक वो हे दुकानाचं नाव, खटल्यावर तेच पडलं. १८८६ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की नियम वरून कितीही सरळ दिसला तरी तो राबवताना भेदभाव केला तर तो घटनेविरुद्ध. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला शिकतात.

सगळे मात्र कोर्टात जिंकले नाहीत. मिसिसिपीतल्या गाँग लम या किराणा दुकानदाराच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं, आणि १९२७ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने शाळेची बाजू घेतली.

आणि आपल्यावरही हेच आलं होतं बरं का. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानी लोकांचं येणं बंद, १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या शीख माणसाच्या खटल्यात नागरिकत्वही नाही. चिन्यांवरची बंदी १९४३ मध्ये उठली ती वर्षाला १०५ माणसांचा कोटा देऊन, आपली १९४६ मध्ये, १०० चा कोटा देऊन. ३ ऑक्टोबर १९६५ ला सही झालेल्या कायद्याने दोघांना एकदमच दार उघडलं. आज जर्सी आणि बे एरियात जी मराठी मंडळी आहेत ती बहुतेक त्याच दारातून आत आली.

माझगावकर

वाचता वाचता 'सी यप' शब्दाशी थबकलो. मी माझगावचा. नवाब टँक रोडवर, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ, एक लाल रंगाचं जुनं चिनी देऊळ आहे, त्याचं नाव सी यप कून! १९१९ चं आहे. लहानपणी आम्ही नुसतं चिनी मंदिर म्हणायचो, नावाचा अर्थ आज कळला. म्हणजे गोदीत येणारे ते खलाशी तुमच्या त्याच चार तालुक्यांतले. वरच्या मजल्यावर क्वान कुंग या चिनी युद्धदेवाची मूर्ती आहे. एके काळी आजूबाजूला चिनी कुटुंबं होती, आता देऊळ सांभाळणारं घर आणि नववर्षाला येणारे थोडे लोक. १९६२ च्या युद्धानंतर सगळं बदललं. भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे ३ हजार लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं, त्यातले बहुतेक आसाम-बंगालचे, पण धास्ती मुंबईतही पोचलीच. लोक कॅनडाला वगैरे निघून गेले. अमेरिकेबद्दल बोलताना हेही लिहिलं पाहिजे असं वाटलं.

खाडीपार

माझगावकर, अंगावर काटा आला! इथे स्टॉकटन स्ट्रीटवर पोस्ट ऑफिसच्या वर सगळ्यात वरच्या मजल्यावर काँग चाऊ देऊळ आहे, तेही क्वान कुंगचंच, आणि काँग चाऊ हे नाव त्या चार तालुक्यांतल्याच एका भागाचं. एकाच गल्लीतला एक भाऊ माझगावच्या गोदीत आणि एक इथे आला असेल, काय सांगावं. देवळीबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत.

शुभदा_क्वीन्स

एक दुरुस्ती नाही पण भर. 'चिनी' म्हणून सगळे एकच असं धरू नका. मी फ्लशिंगला राहते, ७ नंबरच्या ट्रेनचं शेवटचं स्टेशन. इथे १९७० नंतर तैवानचे लोक आले, शिकलेले, मँडरिन बोलणारे. मॅनहॅटनच्या चायनाटाऊनमध्ये कँटनीज चालायची, त्यांना तिथे दुकानात बोलताही येत नव्हतं, म्हणून त्यांनी क्वीन्सला वेगळा संसार मांडला. मग १९८०-९० मध्ये फुजियान प्रांतातून फूचौचे लोक आले, ते मॅनहॅटनमध्येच ईस्ट ब्रॉडवे या रस्त्यावर. तस्करांना हजारो डॉलर देऊन. ६ जून १९९३ ला गोल्डन व्हेंचर जहाज न्यूयॉर्कमध्ये रॉकअवेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं, आत २८६ माणसं होती, दहा जण मेले. वाचलेल्यांतल्या काहींना साडेतीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात ठेवलं. तिकडे लॉस एंजेलिसजवळ मोंटेरे पार्कला तर १९८० च्या दशकात दुकानांच्या चिनी पाट्यांवरून केवढा वाद पेटला होता, आणि ते लोक बंगले घेऊन राहणारे होते.

उल्हास६२

सगळं वाचलं. आधीचं माझं 'कायदा कशाला लागतो' मागे घेतो, निदान अर्धं तरी. मुलगा फिलाडेल्फियाला आहे, तिथलं चायनाटाऊन बघितलंय. एका अंगाला एक्सप्रेसवे खोदून वस्ती कापली, २००० मध्ये बेसबॉलचं स्टेडियम आणायला निघाले ते लोकांनी परतवलं, मग बास्केटबॉलचं मैदान आणायचा घाट, तोही जानेवारी २०२५ मध्ये मागे पडला. मुलगा त्या मोर्चांना गेला होता, तेव्हा मी त्याला तुला काय पडलंय म्हणालो होतो. लॉस एंजेलिसचं जुनं चायनाटाऊन तर युनियन स्टेशनखाली गेलं असं तो सांगत होता, खरं का?

खाडीपार

खरं आहे काका. स्टेशन १९३९ ला उघडलं, त्यासाठी जुनी वस्ती पाडली. पीटर सूहू आणि बाकीच्यांनी पैसे जमवून थोड्या अंतरावर जमीन घेऊन १९३८ मध्ये नवं चायनाटाऊन उभं केलं. तिथे पहिल्यांदा जमीन त्यांच्या मालकीची होती.

कागदी मुलांबद्दल लिहायचं राहिलं. १९०६ च्या आगीत सिटी हॉलमधली जन्माची दफ्तरं जळाली, मग बऱ्याच जणांनी सांगितलं की आम्ही इथेच जन्मलो, आणि सरकारला खोडून काढता येईना. नागरिकाच्या चीनमध्ये जन्मलेल्या मुलाला येता यायचं, त्यामुळे कागदावर मुलगे तयार झाले आणि ती नावं विकली गेली. ते पकडायला सरकार सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड या बेटावर, १९१० ते १९४०, माणसांना कोंडून उलटतपासणी घ्यायचं. घराच्या दारात पायऱ्या किती, विहीर कुठल्या दिशेला, तांदूळ कुठे ठेवता, पलीकडच्या ओळीत तिसरं घर कोणाचं. खरा मुलगाही एखादं उत्तर चुकायचा आणि परत पाठवला जायचा. कोणी आठवडे, कोणी महिने, कोणी वर्षावर तिथे काढलं. आत आलेले मग जन्मभर दुसऱ्याचं आडनाव लावून जगले, मुलांनाही सांगितलं नाही. इथल्या कबरींवर इंग्रजीत एक आडनाव आणि चिनीत वेगळंच असं दिसतं ते यामुळे.

निनाद_प

एंजल आयलंड बघता येतं का? मुलीला घेऊन जायचंय.

खाडीपार

येतं. सॅन फ्रान्सिस्कोहून आणि टिब्युरॉनहून फेरी सुटते, उतरल्यावर बराकीपर्यंत मैल-दीड मैल चालायचं, चढ आहे, पाणी जवळ ठेव. भिंतींच्या लाकडात चिनी कविता कोरलेल्या आहेत, दोनशेच्या वर. अधिकाऱ्यांनी त्या पुट्टी भरून, वरून रंग लावून बुजवल्या होत्या, पण पुट्टी आकसत गेली आणि अक्षरं परत वर आली. १९७० मध्ये इमारत पाडायची ठरली होती, अलेक्झांडर वाइस नावाच्या पार्कच्या रेंजरने टॉर्चच्या उजेडात ती अक्षरं पाहिली आणि गवगवा केला म्हणून वाचली. जाशील तेव्हा दुपारचं जा, खिडकीतून तिरपा उजेड भिंतीवर पडतो तेव्हा वाचायला येतात. मुलगी थोडी मोठी असेल तर भिंतीला हात न लावता अगदी जवळून बघू दे.